नावडतीचे मीठ

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतरच्या दर्ससाठी आम्ही सूरह यूसुफ घेतली होती. आमच्या मशिदीत पडद्यामागे बसणाऱ्या भगिनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवतात. त्या रात्रीच्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी अशी होती : हजरत यूसुफ (अलै.) यांच्या आईचे नाव तुम्ही सांगितले, पण त्यांना विहिरीत टाकणाऱ्या दहा भावांची आई कोण होती? तिचे काय झाले? मी माइकवर सांगितले, की कुरआनने ज्या गोष्टीचा उल्लेख केलेला नाही तिच्या मागे लागण्याची आपल्याला गरज नाही. आणि पुढची चिठ्ठी उघडली.

उत्तर चुकीचे नव्हते, पण घाईचे होते. घरी परतताना मला जाणवत राहिले, की विचारणाऱ्या भगिनीला केवळ माहिती हवी नव्हती. त्या घरात कोणा एकीवर अधिक प्रेम होते, हे तिने ताडले होते. जिच्यावर कमी होते तिची विचारपूस ती करत होती. तेव्हा जे सांगायला हवे होते ते आज लिहीत आहे.

आधी मर्यादा स्पष्ट करतो. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बनी इसराईलकडून आलेल्या गोष्टी कथन करण्यास मुभा दिली आणि त्याचबरोबर ग्रंथवाल्यांना खरेही ठरवू नका, खोटेही ठरवू नका, असे बजावले. हे दोन्ही आदेश सहीह बुखारीत आहेत. इमाम इब्ने कसीर (रह.) यांनी या कथनांचे तीन भाग केले : जे आपल्या दीनशी जुळते ते मान्य, जे त्याला छेद देते ते अमान्य, आणि उरलेल्याविषयी मौन. म्हणून पुढे तौरातच्या आधारे जे येईल, ते ग्रंथवाल्यांचे कथन म्हणूनच वाचावे. याकूब (अलै.) यांनी अंध पित्याला फसवून आशीर्वाद मिळवला, अशी एक कथा त्या ग्रंथात आहे. प्रेषितांच्या चारित्र्याशी ती विसंगत असल्याने आम्ही ती बाजूला ठेवतो. परंतु एका घरात दोन स्त्रियांवर सारखे प्रेम नव्हते, एवढे म्हटल्याने कोणत्याही प्रेषिताच्या प्रतिष्ठेला बाध येत नाही. तो का येत नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

तौरात सांगते, की तरुण याकूब (अलै.) कनआनमधून हर्रानला, आपल्या मामाकडे गेले. हे हर्रान आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेस, उर्फा शहराजवळ आहे. विहिरीवर त्यांना मामाची धाकटी मुलगी राहील भेटली. ती बापाची मेंढरे पाण्यावर घेऊन आली होती. विहिरीच्या तोंडावरची धोंड त्यांनी एकट्याने सरकवली. मामा लाबान याच्याशी ठरले, की सात वर्षे चाकरी करावी आणि राहीलशी विवाह व्हावा. ती सात वर्षे प्रेमामुळे त्यांना थोड्या दिवसांसारखी वाटली, असे तो ग्रंथ नमूद करतो. मग मेजवानी झाली, रात्र झाली, आणि सकाळी पाहतात तो शेजारी थोरली बहीण, लिया! जाब विचारल्यावर लाबान म्हणाला, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटी देण्याची रीत नाही. हिचा आठवडा पुरा कर, मग दुसरीही देतो, तिच्यासाठी आणखी सात वर्षे राब. (मराठी बायबलमध्ये या दोघींची नावे लेआ आणि राहेल अशी आहेत.)

दोन सख्ख्या बहिणी एकाच वेळी एका पुरुषाच्या निकाहात, हे वाचून आपल्यापैकी अनेकांना अडखळल्यासारखे होईल. इब्ने कसीर (रह.) लिहितात, की त्या काळच्या शरीअतमध्ये हे वैध होते, पुढे तौरातच्या शरीअतने ते रद्द केले. खुद्द तौरातच्या लेवीय नावाच्या भागात, पत्नी जिवंत असताना तिच्या बहिणीला सवत म्हणून आणू नये, असा स्पष्ट नियम आहे. आपल्याकडे सूरह अन-निसाच्या २३ व्या आयतीने ही मनाई कायम केली आणि पूर्वी होऊन गेले ते वगळले. नियम नंतर आला, घर आधी होऊन गेले.

या कथेत राहीलला याकूब (अलै.) यांनी पसंत केले होते. याकूब (अलै.) यांना काय हवे होते हे सर्वांना ठाऊक होते. लाबानचे हितही उघड होते. त्याला चौदा वर्षांचा चाकर मिळाला. लियाला मात्र कोणी काही विचारल्याचा एक शब्दही तेथे नाही. अंधारात, आच्छादन घालून, जो पुरुष दुसरीची वाट पाहत आहे त्याच्याकडे तिला पाठवण्यात आले. सकाळी त्याने तोंड पाहिल्यावर जे आश्चर्य त्याच्या चेहऱ्यावर उमटले असेल, ते तिने जन्मभर कसे विसरावे?

नवल असे, की याच लाबानच्या बहिणीच्या वेळी रीत वेगळी होती. याकूब (अलै.) यांची आई रिफ्का हिला इसहाक (अलै.) यांच्यासाठी मागणी आली, तेव्हा लगेच निघायचे की काही दिवस थांबायचे, हे भाऊ आणि आई यांनी मुलीला बोलावून तिलाच विचारले. ज्याने बहिणीची इच्छा विचारली त्याने पोटच्या मुलीची विचारली नाही. मधल्या काळात काय बदलले? तौरात त्याचे कारण देत नाही. मला वाटते, चाकरी करणारा हात दाराशी आला होता. मुलीच्या निकाहात बापाचा स्वतःचा फायदा शिरला, की मुलीचा आवाज प्रथम बंद होतो. खन्सा बिन्ते खिजाम (रजि.) यांचा निकाह त्यांच्या पित्याने त्यांच्या मनाविरुद्ध लावून दिला होता. त्या तक्रार घेऊन आल्या तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) तो रद्द ठरवला. पित्याचा अधिकार कुठे संपतो, हे त्या एका निर्णयाने कळते.

पुढे वीस वर्षांनी हर्रान सोडण्याची वेळ आली, तेव्हा या दोघी बहिणी एका आवाजात बोलल्याचा एकमेव प्रसंग तौरातमध्ये आहे. वडिलांनी आम्हाला विकले आणि आमचा पैसाही खाऊन टाकला, असे त्या दोघींचे म्हणणे होते. मामाकडे केलेली चौदा वर्षांची चाकरी हा एक प्रकारे महरच होता, मूसा (अलै.) यांनी मदयनमध्ये आठ किंवा दहा वर्षांच्या चाकरीचा करार केला, तो सूरह अल-कससमध्ये आला आहेच. पण त्याचा लाभ लाबानच्या कळपाला झाला, मुलींच्या पदरात काही पडले नाही. सूरह अन-निसाने महर स्त्रियांना द्या असे सांगितले, तेव्हा मध्ये बसलेल्या अशा सर्व लाबानांना दूर केले. आपल्या भागात तर पैशाची दिशाच उलटली आहे. मुलीचा बाप देतो आणि महर कागदावर राहतो. त्याविषयी या मासिकात पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून पुढे जातो.

लियासाठी तौरातने वापरलेला मूळ हिब्रू शब्द ‘सनूआ’ असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ जिचा द्वेष केला जातो ती. परंतु त्याच्या आधीच्याच वाक्यात तो ग्रंथ एवढेच सांगतो, की याकूब (अलै.) यांचे राहीलवर लियापेक्षा अधिक प्रेम होते. म्हणजे येथे वैर नाही, तुलना आहे. इतर भाषांतील अनुवादक या शब्दाशी झगडतात. मराठीला मात्र नेमका शब्द जन्मापासून मिळालेला आहे : नावडती. आपल्या लोककथांतल्या प्रत्येक राजाला एक आवडती आणि एक नावडती राणी असते. आवडती महालात आणि नावडती गोठ्यात. आणि म्हण तर कोणत्याही घरात ऐकू येते : नावडतीचे मीठ अळणी. मीठ तेच असते. दोघींनी एकाच मडक्यातून घेतलेले असते. चव घेणाऱ्याची जीभ आधीच ठरवून बसलेली असते. मनातील नावड मनात राहत नाही, ती जिभेवर उतरते, आणि मग समोरच्या व्यक्तीने काहीही केले तरी ते कमीच पडते, हे आमच्या आज्यांनी पाच शब्दांच्या आत सांगून ठेवले आहे. अरबी भाषेत सवतीला ‘जर्रह’ म्हणतात. ज्या धातूपासून ‘जरर’, म्हणजे इजा, हा शब्द येतो त्याच धातूपासून. भाषांना हे दुःख फार आधीपासून ठाऊक आहे.

लियाचे दुःख तौरातने कोठेही वर्णन केलेले नाही. ते तिने मुलांना दिलेल्या नावांत सापडते. पहिला रुबेन, त्या नावात ‘पाहणे’ आहे. अल्लाहने माझे दुःख पाहिले, आता तरी पती माझ्यावर प्रेम करील, असा तिचा भाव. दुसरा शिमोन, त्यात ‘ऐकणे’ आहे. मी नावडती आहे हे त्याने ऐकले. तिसरा लावी, त्यात ‘जोडले जाणे’ आहे. तीन मुलगे झाले, आता पती माझ्याशी जोडला जाईल. तीन मुलांना हाक मारताना प्रत्येक वेळी तिची अपूर्ण इच्छाच तिच्या तोंडून बाहेर पडत असेल. मग चौथा झाला. त्याचे नाव यहूदा. त्यात ‘स्तुती’ आहे, आपल्या शब्दांत हम्द. या चौथ्या नावात पतीचा उल्लेखच नाही. तिने मागणे सोडले की तिला काही मिळाले, हे मी सांगू शकत नाही. कदाचित दोन्ही.

आवडतीचेही घर सुखाचे नव्हते, हे येथे नमूद केले नाही तर अन्याय होईल. राहीलला वर्षानुवर्षे मूल झाले नाही. मूल द्या नाहीतर मी मरेन, असे ती पतीला म्हणाली. एकीला हवे असलेले दुसरीकडे होते, आणि दुसरीला हवे असलेले पहिलीकडे. दोघींनी आपापल्या दासी, बिल्हा आणि जिल्पा, पतीला दिल्या आणि त्यांनाही मुले झाली. बारा मुलगे आणि दीना नावाची एक मुलगी असलेल्या त्या मोठ्या घरात, ग्रंथाच्या कथनावरून पाहता, चारपैकी एकही स्त्री निश्चिंत नव्हती.

एक प्रसंग मला विशेष बोचतो. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत छोट्या रुबेनने शेतातून दूदाईम नावाची फळे आईसाठी आणली. अपत्यप्राप्तीसाठी ती गुणकारी समजली जात. राहीलने ती मागितली. लिया म्हणाली, माझा पती घेतलास ते पुरे नाही का, आता मुलाने आणलेली फळेही हवीत? शेवटी सौदा झाला : फळे राहीलला, आणि त्या बदल्यात ती रात्र लियाला. संध्याकाळी पती शेतातून येताना लिया सामोरी गेली आणि मी तुम्हाला आजच्यासाठी मोबदला देऊन घेतले आहे, असे तिने सांगितले.

विवाहित स्त्रीला स्वतःच्या पतीची रात्र विकत घ्यावी लागली. आपल्या शरीअतमध्ये अनेक पत्नी असतील तर प्रत्येकीची बारी ठरलेली असते, फुकहांच्या भाषेत ‘कस्म’, आणि ती तिचा हक्क असते. पतीची मेहरबानी नसते. हजरत सौदा (रजि.) यांनी आपली बारी हजरत आयशा (रजि.) यांना दिली, हे प्रसिद्ध आहे. वरवर पाहता दोन्ही प्रसंग सारखे वाटतील, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सौदा (रजि.) यांच्याकडे देण्यासारखे काही होते, म्हणून त्या देऊ शकल्या. लियाकडे ते नव्हते, म्हणून तिला फळे मोजावी लागली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जे प्रेम वाटत नाही, त्याबद्दल माणूस जबाबदार आहे काय?

सूरह अन-निसाची १२९ वी आयत पुरुषांना सांगते, की तुम्ही कितीही इच्छा केली तरी पत्नींमध्ये पूर्ण न्याय करू शकणार नाही. तेव्हा एकीकडे पूर्णपणे झुकून दुसरीला अधांतरी लटकत ठेवू नका. त्याच सूरहच्या प्रारंभी, न्याय न होण्याची भीती असेल तर एकीशीच विवाह करा, असा आदेश आहे. दोन्हींत विरोध असल्याचा भास होतो. मुफस्सिरांनी तो असा सोडवला आहे : जो न्याय अनिवार्य आहे तो खर्चाचा, निवाऱ्याचा, वेळेचा आणि वागणुकीचा, जो अशक्य म्हटला आहे तो हृदयाचा. अबू दाऊदमध्ये हजरत आयशा (रजि.) यांचे कथन आहे, की प्रेषित (सल्ल.) आपल्या पत्नींमध्ये न्यायाने वाटणी करत आणि मग अल्लाहपुढे विनवीत, की जे माझ्या ताब्यात आहे त्याची वाटणी मी ही अशी केली, जे तुझ्या ताब्यात आहे, माझ्या नाही, त्याबद्दल मला दोष देऊ नकोस.

या दुआचा उत्तरार्ध आमच्या पुरुषांना फार लवकर पाठ होतो. मन वळत नाही, त्याला मी काय करू, असे सांगणारे माझ्यासमोर येऊन बसले आहेत. मी त्यांना पूर्वार्ध विचारतो. वाटणी केलीत का? तिच्या हाती खर्चाचे पैसे न मागता पडतात का? तिच्या माहेरची माणसे आली तर तुम्ही त्यांच्याजवळ दोन घटका बसता का? ती बोलत असताना तिच्याकडे पाहता का? मन अल्लाहच्या हाती आहे हे म्हणण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने हाताचा हिशोब चुकता केला. ही दुआ करणाऱ्याने आधी दिले होते, मग क्षमा मागितली होती. आणि ज्याने दिले नाही, एकीकडेच झुकला, तो कियामतच्या दिवशी एक बाजू झुकलेली घेऊन येईल, असेही हदीसमध्ये आहे.

याउलट टोकाचे मतही मला पटत नाही. काही जण म्हणतात, मनापासून प्रेम नसेल तर नुसती वाटणी म्हणजे ढोंग. हे म्हणणे सुशिक्षित वाटते, परंतु ते नावडतीच्या पदरचे उरलेसुरलेही काढून घेते. लियाला प्रेम हवे होते हे खरे; पण फळे न मोजता मिळालेली रात्रही तिला काही कमी मोलाची वाटली नसती.

आणि एकच पत्नी असली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. बहुतेक वाचकांच्या घरी एकच पत्नी आहे, तेव्हा हा लेख आपल्यासाठी नाही असे कोणी समजू नये. इसहाक (अलै.) यांच्या घरी, तौरातनुसार, एकट्या रिफ्काच होत्या, आणि तरीही जुळ्या मुलांपैकी एक पित्याचा लाडका व दुसरा आईचा, अशी वाटणी झालीच. नावडते मूल नावडत्या पत्नीहून अधिक असहाय असते; त्याला माहेर नसते.

याकूब (अलै.) हर्रानहून परतताना दुरावलेला भाऊ चारशे माणसे घेऊन येत असल्याची वार्ता आली. हल्ला होईल या भीतीने त्यांनी कुटुंबाची रांग लावली, असे तौरात सांगते : पुढे दासी आणि त्यांची मुले, त्यांच्यामागे लिया आणि तिची मुले, सर्वांत शेवटी राहील आणि यूसुफ. स्वतः ते सर्वांच्या पुढे चालत गेले, हेही त्याच ठिकाणी आहे आणि ते विसरू नये. तरीही त्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या लहान मुलाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. आपण कितव्या रांगेत आहोत, हे मूल मोजते.

यूसुफ (अलै.) सतरा वर्षांचे असताना पित्याने त्यांना वेगळा अंगरखा करून दिला आणि भावांच्या मनात विष भिनले, असे तौरातचे कथन आहे. कुरआनमध्ये अंगरख्याच्या भेटीचा उल्लेख नाही. तेथे भावांचे बोलणे आहे : आम्ही मोठा जथा असूनही यूसुफ आणि त्याचा भाऊ पित्याला अधिक प्रिय आहेत, पिता उघड चुकीत आहे. पित्याला चुकीत म्हणणारे हे शब्द भावांचे आहेत, अल्लाहचे नव्हेत. पित्याने मुलाच्या अंगी प्रेषितत्वाच्या खुणा पाहिल्या होत्या. शिवाय, राहील धाकट्याच्या बाळंतपणात वाटेतच वारली हे तौरातचे कथन जमेस धरले, तर ती दोन्ही मुले आईविना वाढत होती. आईविना वाढणाऱ्या लेकराकडे बापाचे मन जरा अधिक ओढले, तर त्याला जुलूम म्हणता येत नाही. उलट, स्वप्न भावांना सांगू नकोस, असे याकूब (अलै.) यांनी मुलाला बजावले, यावरून दिसते की घरातली आच त्यांना जाणवत होती आणि ते ती झाकू पाहत होते.

झाकणे कठीणच. माझ्या दादीचा थोरल्या भाईजानवर जीव होता. ईदच्या शीरखुर्म्यात त्याच्या वाटीत काजू-चारोळी वर तरंगत असत. दादी ते नकळत करीत असावी. मला काजूंची संख्या आजही आठवते. भाईजान मात्र दादीची पाठ वळली की अर्धे काजू माझ्या वाटीत टाकी. दादीविषयी माझ्या मनात अढी राहिली नाही, याचे श्रेय त्याला आहे.

हाताने द्यायच्या गोष्टींबाबत शरीअत स्पष्ट आहे. बशीर (रजि.) यांनी आपला मुलगा नुअमान याला एक देणगी दिली, आणि पत्नीच्या आग्रहावरून प्रेषितांना (सल्ल.) साक्षीदार करण्यासाठी आले. प्रेषितांनी (सल्ल.) विचारले, सर्व मुलांना असेच दिलेस का? नाही, असे उत्तर येताच त्यांनी साक्ष नाकारली आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. एका कथनात असेही आहे, की सर्व मुलांनी तुझ्याशी सारखेच चांगले वागावे असे तुला वाटते ना, असा प्रश्न त्यांनी केला. आपल्याकडे कोकणात शाफई आणि देशावर बहुतांशी हनफी. दोन्ही मजहबांत, योग्य कारणाशिवाय केलेली असमान देणगी कायद्याने वैध पण मकरूह ठरते, आणि हम्बली विद्वानांच्या मते समानता अनिवार्यच आहे. आजारी मुलाला, कर्जात बुडालेल्याला अधिक द्यायला कोणी अडवलेले नाही. मात्र तसे असेल तर इतरांना बसवून कारण सांगावे. न सांगितलेले कारण आणि नसलेले कारण मुलांना सारखेच दिसते.

बापाचे मन झुकले होते, म्हणून भावांचा अपराध कमी होत नाही. त्यांच्या दुःखाला कारण असेलही. विहिरीला कारण नव्हते. पण त्यांच्यातील एकाची पुढची गोष्ट मला या संपूर्ण कथेचा गाभा वाटते. तौरातनुसार मिसरमध्ये धाकटा बिनयामीन अडकला, तेव्हा यहूदा पुढे आला. तोच चौथा, ज्याच्या नावात आईने पतीला वगळून हम्द ठेवली होती. वजीराच्या आसनावर यूसुफ (अलै.) बसलेले आहेत, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने म्हाताऱ्या बापाची हकीकत सांगितली, आणि सांगताना बापाचे शब्द जसेच्या तसे पुढे ठेवले : माझ्या पत्नीला दोनच मुलगे झाले, एक गेला. ‘माझी पत्नी’ म्हणजे राहील. लियाच्या पोटी जन्मलेला मुलगा भर दरबारात आपल्या तोंडाने सांगत होता, की बाप जिला पत्नी म्हणतो ती माझी आई नव्हे. आणि त्याच श्वासात त्याने मागितले, की या लाडक्याला घरी जाऊ द्या, त्याच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवून घ्या, कारण याच्याशिवाय माझा बाप जगणार नाही.

बापाचे प्रेम समान होते म्हणून तो असे वागला नाही. ते असमान आहे हे त्याने स्वीकारले, आणि तरीही बापाला वाचवले. कुरआनमध्ये हा प्रसंग वेगळ्या तपशिलांनी येतो : मोठा भाऊ पित्याला दिलेली शपथ आठवून, पित्याची परवानगी मिळेपर्यंत ही भूमी सोडणार नाही असे म्हणतो आणि तेथेच थांबतो. तो मोठा कोण, याविषयी मुफस्सिरांत मतभेद आहेत. त्याची आई कोण, याविषयी मला आता विचारावेसे वाटते, ते त्या चिठ्ठीमुळे.

सूरह अल-बकरहच्या १३३ व्या आयतीत याकूब (अलै.) यांच्या अखेरच्या घटकेचे चित्र आहे. माझ्यानंतर कोणाची उपासना कराल, असे ते मुलांना विचारतात. आवडतीची, नावडतीची, दासींची, सगळी मुले तेथे आहेत आणि उत्तर एकच आहे : तुमच्या आणि तुमच्या वाडवडिलांच्या, इब्राहीम, इस्माईल आणि इसहाक यांच्या एकमेव ईश्वराची. वाडवडिलांत त्यांनी इस्माईल (अलै.) यांचेही नाव घेतले, ज्यांची आई हाजरा (अलै.) यांना एकेकाळी तान्ह्या बाळासह निर्जन दरीत राहावे लागले होते.

आता, लियाचे काय झाले? दोन कथने आहेत. सूरह यूसुफच्या अखेरीस यूसुफ (अलै.) आपल्या माता-पित्यांना सिंहासनावर बसवतात. इमाम तबरी (रह.) यांनी दोन्ही मते नोंदवली आहेत : काहींच्या मते आई राहील तेव्हा हयात होत्या, आणि तबरींचा कल याकडे आहे, इतरांच्या मते राहील वारल्या होत्या आणि सिंहासनावर बसवलेली स्त्री म्हणजे यूसुफ (अलै.) यांची खाला, लिया. खाला आईच्या जागी असते, हे प्रेषितांच्या (सल्ल.) हदीसमध्येच आले आहे. तसे असेल, तर नावडतीला तिचे आसन तिच्या पोटच्या सहा मुलांनी दिले नाही, सवतीच्या मुलाने दिले.

तौरात मात्र सांगते, की मिसरला जाण्यापूर्वीच लिया कनआनमध्ये वारली होती. याकूब (अलै.) यांनी मृत्यूसमयी मुलांना निक्षून सांगितले, की मला मिसरमध्ये पुरू नका, आमच्या वडिलोपार्जित गुहेत न्या; इब्राहीम आणि सारा तेथे आहेत, इसहाक आणि रिफ्का तेथे आहेत, आणि लियाला मी तेथेच ठेवले आहे. अल-खलील शहरात त्या गुहेवर आज मस्जिद-ए-इब्राहीमी उभी आहे आणि तिच्यात तिन्ही दांपत्यांच्या नावाने सहा कबरी दाखवल्या जातात. याकूब (अलै.) यांच्या जोडीला तेथे लिया आहे. राहीलची कबर बैतलहमच्या वाटेवर आहे. वल्लाहु आलम.